कडेपासून चार मिलिमीटर

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात. म्हणतात पाठीमागे, पण इतक्या मोठ्याने की पाठ फिरायची वाट कशाला बघतात तेच कळत नाही. नाव ठेवलं शेजारच्या फ्रेमवाल्याने. त्याने चौकटीत बसवून आणलेला एक फोटो यांनी तीनदा परत पाठवला होता, दीड मिलिमीटर डावीकडे सरकलाय म्हणून. चौथ्यांदा तो स्वतः आला, फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मिलिमीटरसाहेब, हाही चुकला असेल तर आता माझंच मुंडकं टांगा भिंतीवर.” यांनी पट्टी लावली आणि म्हणाले, “ठीक आहे.” फ्रेमवाल्याला तेवढीच शाबासकी मिळाली, आणि ती तो अजून सांगत फिरतो.

आमचा धंदा पासपोर्ट फोटोंचा, एकतीस वर्षं झाली. पुढे दुकान, मध्ये डार्करूम, मागे राहायच्या दोन खोल्या आणि त्यांच्यामागे एक लांबट अंगण. फोटो काढायचे यांनी, कापायचे मी. आता पुढे डिजिटल कॅमेरा आहे, छापायचं यंत्र आहे, पण डार्करूम यांनी मोडू दिली नाही. तिथे सामान ठेवू म्हटलं तर म्हणाले, “मग मला कुठे ठेवशील?” गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की यांचं पालुपद सुरू व्हायचं: “मध्ये बसा. समोर बघा. हलू नका.” एकतीस वर्षं ऐकतेय. झोपेतही मी कूस बदलली की मला वाटायचं, आता म्हणतील, हलू नका. एकतीस वर्षांत कुठल्याही कचेरीतून आमचा एक फोटो परत आला नाही. नाकासमोर चालणारा, रेघेवर जगणारा माणूस.

अशा माणसाने एक दिवस पिशवीतून खेळण्यातला कॅमेरा काढला आणि मी आ वासून बघतच राहिले.

अहो, खरोखर खेळण्यातला! सगळा प्लॅस्टिकचा, भिंगसुद्धा प्लॅस्टिकचं. हातात घेतला तर साबणाच्या डबीसारखा हलका. अंतर जुळवायला भिंगावर चित्रं: एक डोकं, तीन डोकी, माणसांचा घोळका, डोंगर. जवळचं असेल तर एका डोक्यावर फिरवायचं, लांबचं असेल तर डोंगरावर. बस्स. “याला फोकस म्हणायचं?” मी विचारलं. “याला डोळा लावावाच लागत नाही,” हे म्हणाले, आणि इतक्या समाधानाने म्हणाले की मला वाटलं, संपलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच.

पुढचा धक्का त्याहून मोठा होता. हा कॅमेरा रुंद रोलचा. त्या रोलच्या पाठीला कागद असतो, कागदावर आकडे असतात, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून आकडा बघून रोल पुढे सरकवायचा असतो. यांनी काय करावं? त्यात आपला नेहमीचा बारका रोल कोंबला, दोन्ही कडांना भोकं असतात तो. तो आत खुळखुळू नये म्हणून भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे कापले, माझ्या नव्या स्पंजचे, आणि वरखाली ठासले. लाल खिडकीतून उजेड शिरू नये म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी चार पदरी लावली. म्हणजे आकडा दिसायची सोयच बंद.

“मग फोटो किती झाले ते कळणार कसं?”

“ऐकून.” यांनी बटण फिरवलं. टिक टिक टिक टिक. “चौतीस टिक झाले की एक फोटो.”

“आणि एक टिक चुकला तर?”

“चुकणार नाही.”

हे मात्र पटलं. टिक मोजण्यात हा माणूस चुकणार नाही. पण अशा रोलवर चित्र उमटतं ते मधल्या भागापुरतं राहत नाही, थेट कडांपर्यंत, भोकांच्या अवतीभवतीसुद्धा उमटतं. आयुष्यभर ज्याने चौकटीबाहेर केसाची बट जाऊ दिली नाही, त्याला आता भोकांतले फोटो हवे होते. मी कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकाला लागले.

हे नवं खूळ फक्त सुट्टीच्या दिवशी असायचं. सुट्टीच्या सकाळी मी अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी स्टूल टाकून चहा पिते. तेवढा अर्धा तास मी कोणाची नसते. हे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उंबऱ्याला टाचा टेकवून उभे राहायचे, कॅमेरा आडवा सोडून उभा धरायचे, आणि एकच फोटो काढायचे. एकच. मग चौतीस टिक, आणि कॅमेरा कपाटात.

पहिल्या खेपेला मी केस नीट केले, ॲप्रन सोडून ठेवला. एवढ्या वर्षांनी नवऱ्याला बायकोचा फोटो काढावासा वाटला, मेल्या मनाला उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की कॅमेरा माझ्याकडे नाहीच. माझ्या बाजूच्या भिंतीकडे आहे. आणि यांची नजरही भिंतीवरच.

“अहो, मी इथे आहे.”

“हो. हलू नकोस.”

“भिंत काही हलत नाही, तिला कशाला सांगता?”

क्लिक झालं. पुढच्या सुट्टीला कॅमेरा अजून थोडा सरकला. त्याच्या पुढच्या सुट्टीला अजून थोडा. शेवटी शेवटी तर अंगणातल्या नळाचे फोटो निघत होते असं मला वाटायला लागलं. बायको शेजारी जिवंत बसलीय आणि हा माणूस नळाचा फोटो काढतोय! माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, “नळ तरी कमी बोलतो.” मी फोन आपटला.

आता वरवर हसण्यासारखंच होतं हे, पण त्याच सुमाराला घरात दुसऱ्याही गोष्टी घडत होत्या, आणि त्यांना मी हसू शकत नव्हते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका कचेरीतून फोटो परत आला. चेहरा धूसर. मला वाटलं, गिऱ्हाईक हललं असेल. पंधरा दिवसांत दुसरा आला, मग तिसरा. यंत्राच्या आपोआप फोकसवर यांचा विश्वास नाही, हे हाताने जुळवतात, म्हणजे चूक यांचीच. मी तो तिसरा फोटो हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मिलिमीटरचा फोटो धूसर! सूर्य उगवला नाही असं कोणी सांगितलं असतं तर त्यावर एकवेळ विश्वास बसला असता.

यांनी काय केलं? माझा कापायचा ट्रिमर बदलला. म्हणे, त्याच्या पाटावरच्या रेघा वाकड्या झाल्यात. मी जाऊन बघितलं, रेघा सुतासारख्या सरळ. “अहो, मी रोज कापते त्यावर!” “वाकड्या आहेत,” म्हणाले आणि नवा घेऊन आले. नव्याकडेही दोन दिवस संशयाने बघत होते. मग गिऱ्हाइकाचं स्टूल जमिनीत खिळे ठोकून पक्कं केलं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला एक दोरी बांधली, ती ओढून गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत न्यायची, दोरी ताणली की अंतर बरोबर. मी म्हटलं, म्हातारपणी काटेकोरपणा अंगात भिनलाय दुसरं काय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे माझ्याकडे बघेनासे झाले. बोलायचे माझ्याशी, बघायचे माझ्या कानाच्या बाजूला. मी सरकून समोर आले की नजर पुन्हा बाजूला. जो माणूस बायकोच्या नजरेला नजर देत नाही त्याच्या पोटात काय असतं? तुम्हीच सांगा. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. चौसष्टाव्या वर्षी कोण मिळणार आहे यांना, असंही वाटायचं, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटायचं, नेम काय? मला एकच कळायला हवं होतं, या माणसाला झालंय काय, आणि हा माझा राहिलाय की नाही.

वीस फोटो झाले आणि रोल संपला. या कॅमेऱ्यात रोल परत गुंडाळता येत नाही. यांनी डार्करूमचं दार लावलं, मिट्ट काळोखात कॅमेरा उघडला आणि हाताने फिल्म डबीत परत भरली. मग धुतली, वाळत टांगली. बाहेर आले आणि म्हणाले, “या फिल्मला हात लावू नकोस.”

एकतीस वर्षांत हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. फिल्म कापणं माझं काम. हात लावू नकोस? मग तर लावणारच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कागद आणायला बाजारात गेले. मी दुकानाची कडी लावली आणि डार्करूममध्ये शिरले. टांगलेली फिल्म काढली आणि हाताला सवय असते तशी कापत सुटले, सहा सहा फोटोंच्या लांबीच्या पट्ट्या. बघितलंसुद्धा नाही. यांचे फोटो नेहमीपेक्षा लांब आहेत, आपली कात्री चित्राच्या मधून जातेय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. शेवटची पट्टी आधी हाताला लागली, ती डार्करूममधल्या जुन्या छापायच्या यंत्राच्या चौकटीत सरकवली. ती चौकट नेहमीच्या फोटोची. मधला भाग छापते, भोकांची कड झाकून टाकते. ती तशीच असते, त्यात विचार करण्यासारखं कधी काही नव्हतंच.

लाल दिव्यात कागद औषधात टाकला. हळूहळू भिंत उमटली. भिंतीवरचा नळ. नळाखालची बादली. आणि कोणी नाही.

दुसरा. भिंत, नळ, बादली. तिसराही तसाच. काठाला तेवढं काहीतरी पांढुरकं, मला वाटलं प्लॅस्टिकचा कॅमेरा, उजेड शिरला असेल. खरं सांगते, दुसऱ्या बाईचा फोटो निघाला असता ना, तरी मी एवढी हबकले नसते. तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. पण मी महिनोन्‌महिने ज्या जागी बसून चहा प्यायले, ती जागा यांनी मोजून मापून चुकवली होती. मला वगळून अंगणाचे फोटो काढले होते. माझा धक्का लागून औषधाचा ट्रे कलंडला, पायावर सांडला, तरी मी तशीच उभी.

हे परत आले तेव्हा मी ते ओले फोटो हातात घेऊन दुकानातच उभी होते.

“हे काय आहे?”

यांनी फोटो घेतले नाहीत. माझ्या हातातल्या फोटोंच्या बाजूला बघत राहिले. “काय आहे?” उलट मलाच विचारलं.

“भिंत आहे! नळ आहे! बादलीसुद्धा आहे! वीस सुट्ट्या तुमच्यासमोर दगडासारखी बसले, आणि बादली आली फोटोत, मी नाही आले! एवढी नकोशी झालेय तर तोंडाने सांगायचं होतं!”

मला वाटलं हे चिडतील, नाहीतर गप्प बसतील. यांचा चेहरा पांढराफटक पडला. “फिल्म कापलीस?”

“कापली.”

“कुठे कापलीस?”

“नेहमीसारखी.”

हे खुर्चीवर बसले. डोकं दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाले, “तू आहेस त्यात. सगळ्यांत आहेस. पट्ट्या दिव्याच्या काचेवर ठेव आणि भोकांत बघ.”

दुधी काचेचा एक डबा आहे आमच्याकडे, आत दिवा असतो. त्यावर मी पट्ट्या मांडल्या, भिंग डोळ्याला लावलं. मी होते. कडेला, भोकांच्या रांगेत, स्टुलावर बसलेली, हातात कप. एका फोटोत भोक माझ्या खांद्यातून आरपार गेलं होतं. एका फोटोत कंपनीने कडेला छापलेला आकडा बरोबर माझ्या पोटावर आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्याला मी शिरलेला उजेड समजले ते माझं कोपर होतं. आणि एके ठिकाणी माझी कात्री माझ्याच मानेतून गेली होती. धड एका पट्टीत, मुंडकं दुसऱ्या पट्टीत.

“भोकांत का बसवलंत मला?” मी विचारलं.

हे उठले, खणातून लोखंडी पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. “पहिल्या फोटोपासून सुरुवात कर. कडेपासून तुझ्या नाकापर्यंत किती मिलिमीटर आहे ते मोज.”

“तुम्ही मोजा की.”

“मला मोजता येत नाही.”

बाई गं! हे वाक्य, या माणसाच्या तोंडून! मी वळून बघितलं. हे माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत होते.

मग सगळं सांगितलं, पट्टी हातात धरूनच. डाव्या डोळ्याचा मधला भाग दीड वर्षापूर्वीच गेला होता. उजवा आहे म्हणून बोलले नाहीत. मग उजव्याला रेघा वाकड्या दिसायला लागल्या, ट्रिमरवरच्या. मग मधोमध एक करडा डाग आला. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच डागाखाली जायचं आणि आजूबाजूचं दिसायचं. डाग वाढत होता. किती वाढतोय ते मोजायला हवं होतं, कारण मोजल्याशिवाय या माणसाचा स्वतःवरही विश्वास नाही. म्हणून तो कॅमेरा, ज्याला डोळा लावावा लागत नाही. म्हणून बारका रोल, जो कडेपर्यंत सगळं दाखवतो. म्हणून कॅमेरा उभा, भोकांची कड बाजूला यावी म्हणून. उंबऱ्याशी उभं राहायचं, मी जेमतेम स्पष्ट दिसेपर्यंत नजर बाजूला न्यायची, आणि नजर जिथे असेल तिथे कॅमेरा रोखायचा. डाग जेवढा मोठा, तेवढी मी मधून कडेला.

“तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नाहीशी होतेस,” हे म्हणाले. “तुला बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं.”

मी काय काय विचार केले होते या माणसाबद्दल! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव असा की आधी राग येतो. “आणि ही फिल्म मोजणार कोण होतं? मला तर हात लावायची बंदी!”

“फ्रेमवाला.”

“फ्रेमवाला!” मी किंचाळले. “जगात फ्रेमवाल्याला कळलेलं चालणार होतं आणि मला नाही?”

“तुला कळलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस.”

“केलंच असतं!”

“मग?” म्हणाले.

मी मोजलं. पहिला फोटो सोळा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मधोमध. मग सोळा, पंधरा, पंधरा, तेरा. मी आकडे मोठ्याने वाचत होते आणि हे खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते, दुसऱ्याच कोणाचा निकाल ऐकावा तसे. अकरा. नऊ. नऊ. सात. शेवटचे तीन पाच, चार, चार. त्यापुढे फिल्मच नाही. असंच चालू राहिलं तर अजून काही सुट्ट्यांनी मी फोटोतच नसणार होते, आणि फक्त फोटोतच नाही.

“चला,” मी म्हटलं.

“कुठे?”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्ता. दुकान उघडंच राहू दे नाहीतर आग लागू दे त्याला.”

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने यांच्यापुढे चौकटीचौकटीचा एक कागद धरला आणि विचारलं, “आजोबा, रेघा कशा दिसतात?” हे म्हणाले, “मधल्या वाकड्या आहेत. तुमची छपाई चुकली आहे.” ती हसली. मला हसू येईना, कारण कागद माझ्यासमोर होता, आणि रेघा सरळ होत्या.

तपासणी झाल्यावर तिने आम्हाला समोर बसवलं. डावा डोळा हातचा गेला, म्हणाली. वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं. उजव्यात आतल्या बाजूला पाझर आहे, तो थांबवायला दर महिन्याला इंजेक्शन.

“दंडात ना?” मी विचारलं.

“डोळ्यात.”

मी यांचा हात धरला. यांनी शांतपणे विचारलं, “सुई किती मिलिमीटर आत जाते?” तिने सांगितलं. यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर होता.

“आणि गेलेलं परत येईल?” मी विचारलं.

“ते मी कबूल करणार नाही. पाझर थांबला आणि आज आहे तेवढं टिकलं, तरी आपण जिंकलो असं समजा.”

दुकान बंद केलं नाही. आता फोटो मी काढते. हे बाजूला बसून कान देतात. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी माझे हात असे कापत होते की यांनी विचारलं, “यंत्र थरथरतंय का?” मी म्हटलं, “बायको थरथरतेय.” मग हळूच म्हणाले, “मध्ये बसवलंस? समोर बघतोय? मग सांग, हलू नका.” मी सांगितलं. गिऱ्हाईक बिचारं मेणाचा पुतळा होऊन बसलं. फोटो परत आला नाही.

पहिल्या इंजेक्शननंतरच्या सुट्टीला यांनी कॅमेऱ्यात नवा रोल घातला. स्पंज यावेळी मी स्वतः कापून दिला. मी अंगणाच्या टोकाला स्टुलावर, हे उंबऱ्याशी. कॅमेरा नळाकडे, आणि मी त्या नळाला शिव्या देणं बंद केलं होतं. दर सुट्टीला एक फोटो, चौतीस टिक. मधल्या दिवसांत दर महिन्याला सुई. सुईच्या दिवशी मी दाराबाहेर बसायचे आणि दाराच्या फळ्या मोजायचे. सोबतीने सवय लागते.

सोळा फोटो झाले आणि यांना धीर निघेना, मलाही. रोल अर्धवटच काढला. डार्करूममध्ये दिवा मालवला की यांचे हात पूर्वीसारखेच चालतात. मीच अडखळले, कोपर आपटलं. “अंधारात हलू नये,” म्हणाले.

फिल्म वाळली. यावेळी मी कापली नाही. अख्खीच्या अख्खी दिव्याच्या काचेवर थोडी थोडी सरकवत गेले, एका हातात पट्टी, डोळ्याला भिंग. हे खुर्चीत बसले, डोळे मिटून.

“पहिला?”

“चार.”

“दुसरा?”

“चार.”

तिसरा चार. चौथा चार. पाचवा, सहावा, चार. सातव्यावर पट्टी ठेवली, उचलली आणि पुन्हा ठेवली.

“सातवा?” यांनी विचारलं. मी तिसऱ्यांदा पट्टी लावली. “सातवा सांग.”

“तीन.”

यांनी डोळे उघडले नाहीत. खुर्चीच्या हातावरची बोटं तेवढी घट्ट झाली. मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पार काचेला नाक टेकवलं, आणि मग दिसलं. मी त्या फोटोत सरळ बसलेलीच नव्हते. जमिनीवरचा कप उचलायला नळाच्या उलट बाजूला, म्हणजे फिल्मच्या कडेकडे वाकले होते.

“अहो, मी वाकले होते! कप उचलायला! माझं नाक गेलंय बाहेर, स्टूल जागच्या जागी आहे! स्टूल मोजलं, ते सहाव्यासारखंच आहे!”

“कितीदा सांगायचं,” हे म्हणाले, आणि यांचा आवाज फाटला होता, “हलू नकोस म्हणून.”

आठवा चार. नववा चार. दहा, अकरा, बारा, चार, चार, चार. चौदाव्यापाशी मला आकडे दिसेनासे झाले. डोळे पुसले आणि पुढे गेले. पंधरावा चार.

“सोळावा?”

“चार.” मी पट्टी खाली ठेवली. “चार आहे. हललेली नाही मी. एक मिलिमीटरसुद्धा हललेली नाही.”

यांनी खुर्चीचा हात सोडला. मग म्हणाले, “पट्टी शून्यापासून धरलीस ना? काहींची सवय असते टोकापासून धरायची. टोक आणि शून्य यांच्यात अंतर असतं.”

“शून्यापासून धरलीय,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं ते थांबेचना. यांनी डोळे उघडले आणि माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत हसले. मी जागची हलले नाही. किती तरी वेळ हे माझ्याकडे बघत होते.